रात्रीची रेघ

कारेलीबाग, बडोदे
८ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांस आनंदीचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेचं पत्र आणि डिंकाचे लाडू दोन्ही पोचले. लाडूंचं काय झालं ते विचारू नका. तुमच्या भावाने डबा उशाशी ठेवून घेतलाय आणि मी हात पुढे केला की म्हणतात, "माझ्या बहिणीने मला पाठवलेत, तुला हवे तर तुझ्या भावाला सांग."

आता भांडण. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर आमच्या घरातलं सगळं सोसायटीला कळतं, म्हणून लिहितेच. तुमचे जयवंतराव ऑक्सिजनचं मशीन चोरून बंद करतात. हो, चोरून! डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय की फुप्फुसं कामातून गेली आहेत, दिवसरात्र नळी नाकात पाहिजे. पण मशीन घरी आल्यापासून लाईटबिल जे फुगलंय ते बघून ह्यांचा जीव खालीवर होतो. मी दूध आणायला बाहेर पडले की ह्यांनी बटण बंद केलंच म्हणून समजा. परत येते तर ओठ जांभळे, आणि चेहरा असा की काही मोठी कमाई करून बसलेत. परवा मला फार राग आला. म्हटलं, "आता श्वास काय बिल बघून घेणार का?" तर म्हणाले, "अगं, पेन्शन एक आणि नाकपुड्या दोन." ह्याला काय म्हणावं! मी आधी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यात लाईट गेली की वेगळीच माथाकूट. मोठा सिलिंडर उघडायचा, त्याची चावी मला एकटीला वळत नाही. मूलबाळ नाही, हाक मारायची तर शेजारच्या कांचनबेनना. त्या बिचाऱ्या पोळपाटावरची रोटली टाकून धावत येतात. दर वेळी त्या दोन मिनिटांत मी काय काय बघते ते लिहीत नाही.

वन्सं, तुम्ही ह्यांना एक कडक पत्र लिहा. माझं ऐकत नाहीत. तुम्ही लहानपणी मारलेलं आहे, तुमचं ऐकतील.

तुमची,
सौ. आनंदी

---

इंदूर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. आनंदीस अनेक आशीर्वाद.

जयाला वेगळं पत्र नाही. एवढं त्याला मोठ्याने वाचून दाखव: गाढवा, बटणाला हात लावलास तर इंदूरहून येऊन कान पिळीन, आणि मला ऐकू येत नसल्यामुळे तू कितीही बोंबललास तरी सोडणार नाही.

आता कामाचं. घरावर सोलर लावून घ्या. मी गंमत करत नाही. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची तेव्हा सौरघट म्हणजे पुस्तकातलं एक चित्र होतं, मुलं ते वहीत काढायची आणि विसरायची. दहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका डॉक्टरांनी लावलं, त्यांना मोटारीइतका खर्च आला होता. आता सरकारची सबसिडी वजा केली की स्कूटरच्या भावात होतं. उत्कर्षने आमच्या घरावर गेल्या वर्षी बसवलं. दिवसा जास्तीची वीज कंपनीला जाते, रात्री आपण त्यांची घेतो, आणि बिलात वजाबाकी होते. आमचं बिल आता चहापाण्याइतकं येतं. माझा मुलगा इतका हुशार आहे हे मला त्या बिलानेच कळलं.

तुमचं घर तर टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र घर, गच्ची तुमच्या हक्काची. अडचण कसली? लाईट गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून बॅटरी मात्र लागेल, आणि ती सबसिडीत येत नाही. ती माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही. जन्मभर मी ओवाळलं आणि त्याने ताटात घातलं. यंदा ताट उलटं. मी माझ्या भावाला ऊन घालते आहे असं समज.

त्याचा श्वास बिलावर अवलंबून राहता कामा नये, आनंदी. तेवढं एक कर.

आशीर्वाद,
मोहना

---

कारेलीबाग, बडोदे
१९ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस सा. न.

झालं तुमच्या मनासारखं. आमच्या अगाशीवर आता निम्म्या भागात निळ्या काचा आहेत आणि खाली जिन्याजवळ तुमची बॅटरी. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा आम्हाला कळलीच नाही! कांचनबेन सवयीने धावत आल्या, तर हे पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचताहेत आणि मशीन आपलं घूंऽऽ करत चालू आहे. कांचनबेन म्हणाल्या, "लो, मारी तो नोकरी गई." आम्ही तिघं किती हसलो! मग मला एकदम रडू आलं. हल्ली माझं असंच होतं, हसण्याच्या मागोमाग तेच येतं.

एक गंमत सांगते. कंपनीचा इंजिनिअर आपला मराठीच निघाला, इथल्याच मांजलपूरचा, निहार नावाचा. मीटर बघून म्हणतो, "काकू, तुमचा लोड वाढवावा लागेल." मी दचकलेच! सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं ना: दिवा विझवला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढवते. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे काही वाढवू नकोस, सगळं चालू राहू दे." तर हे आतून ओरडले, "निहार, बिल तेवढं वाढव रे, म्हणजे एकदाचं जाईल!"

उत्तराणला मात्र ह्यांनी माझं डोकं खाल्लं. मांजा काचांवर घासू नये म्हणून सकाळी सोसायटीतल्या सगळ्या पोरांना दम भरला, आणि दुपारी स्वतःच नळी काढून वर हजर. कांचनबेनच्या घरचे सगळे "काय पो छे" ओरडत होते आणि हे धापा टाकत त्यांच्यात उभे. दोरी ओढायला ताकद नाही, म्हणून नुसती फिरकी धरली. मी खालून हाका मारून मारून थकले. वन्सं, पण खरं सांगू? तोंडावर ऊन पडलं होतं, आणि बऱ्याच दिवसांनी ते मला आजारी दिसले नाहीत.

वीज आता घरचीच म्हणून मी इंडक्शनची शेगडी घेतली. सकाळचा चहा त्याच्यावर होतो. हे त्याला 'उन्हाचा चहा' म्हणतात आणि मुद्दाम दोनदा मागतात.

तुमची,
सौ. आनंदी

ता. क. ताई, मी जया. बटण बंद करणं सोडलं. (हे वाक्य आनंदी समोर बसून वाचते आहे.) निहारने फोनवर एक ॲप दिलंय, घरात किती वीज चालली आहे त्याची रेघ दिसते. उत्कर्षला सांगून तुझ्या फोनवर घालून घे. तुला पेपर तपासायची खोड आहेच. माझा रोज तपास.

---

इंदूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आनंदीस अनेक आशीर्वाद.

ॲप आलं. मला अंगठ्याने मराठी लिहिणं जन्मात जमायचं नाही, पण रेघ वाचता येते. अशा रेघा मी शाळेत पोटासाठी वाचत आणि शिकवत होते. रोज उठल्यावर चष्मा लावते आणि आधी बडोदं बघते, मग देवाला हात जोडते. देवाने समजून घ्यावं.

तुला एक सांगते, जयाला सांगू नकोस, शेफारेल. दिवसा तुमची रेघ वेडीवाकडी असते. पंप चालतो, कपड्यांचं मशीन चालतं, सकाळी तुझ्या शेगडीचा एक उंच सुळका येतो. पण रात्री तुम्ही सगळं बंद केलंत की एकच रेघ उरते, सरळ, थोडीशी वर. ते त्याचं मशीन. म्हणजे मी सकाळी उठते आणि माझा भाऊ रात्रभर श्वास घेत होता हे मला दिसतं. कान गेल्यापासून मी लोकांचे नुसते ओठ हलताना बघते, कुणी माझ्याजवळ आहे असं वाटतच नाही. ह्या रेघेने मला माझा भाऊ परत दिला.

आता पेपर तपासते. रात्री मध्येच रेघेला एक खड्डा पडतो. म्हणजे साहेब मशीन बंद करून चिवड्याच्या डब्याकडे जातात! आणि उजाडताना दुसरा, जरा मोठा खड्डा. तो कसला ते मला कळलं नाही. विचार त्याला. दहापैकी सहा.

आणखी एक. माझ्या छातीत अधूनमधून दुखतं. तपासणी झाली, नळ्या तुंबल्या आहेत म्हणे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात बायपास करायची आहे. जयाला अजिबात कळू देऊ नकोस. त्याला श्वास कमी आहे, तो माझ्यासाठी खर्च व्हायला नको. बरी झाले की मीच सांगेन.

आशीर्वाद,
मोहना

---

कारेलीबाग, बडोदे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस सा. न.

तुमच्या छातीचं वाचलं आणि पत्र आधी तांदळाच्या डब्यात लपवलं. ह्यांना काही बोलले नाही. पण चेहरा माझा मेला चुगलखोर, "काय झालं?" विचारत होते, मी कांदा चिरते सांगितलं. हातात भेंडी होती.

उजाडतानाच्या खड्ड्याचा चोर सापडला. मी झोपेत असताना हे मशीन बंद करून अगाशीवर जातात आणि ओल्या फडक्याने काचा पुसतात! निहार म्हणाला होता ना, धूळ बसली की वीज कमी होते. नुसती नळी काढली तर मशीन शिट्टी मारतं आणि मी उठते, म्हणून बटणच बंद. दर दोन पायऱ्यांना बसतात म्हणे. मी खूप चिडले. तर म्हणाले, "ताईने ऊन दिलंय, त्याच्यावर धूळ कशी राहू देऊ?" आता ह्या माणसावर कसं रागवायचं ते तुम्हीच सांगा.

ऑपरेशन नीट होऊन जाऊ दे. मी गणपतीला बोलले आहे. बरं वाटलं की दोन ओळी लिहा.

तुमची,
सौ. आनंदी

---

इंदूर
३ एप्रिल २०२५

ती. आनंदीमामीस,
सा. न.

आईने बघू नये म्हणून ऑफिसात बसून लिहितो आहे. फोनवर हे मला बोलता आलं नसतं.

मामाला पोचवायला मी बडोद्याला येऊन गेलो, ते आईला कळू दिलेलं नाही. अहमदाबादला काम आहे सांगितलं होतं. तुम्हाला तशा अवस्थेत सोडून त्याच रात्री परत निघालो, त्याची मला अजून लाज वाटते. आई तेव्हा हॉस्पिटलातून नुकतीच घरी आली होती. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने तरी तिला कसलाही धक्का नको, टाके भरले म्हणजे हृदय भरलं असं नाही. सगळ्या नातेवाइकांना ताकीद दिली आहे. घरात आम्ही फोनवर बोलतो ते तिला ऐकू येत नाही, तिच्या बहिरेपणाचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पण ती तुमच्या पत्राची वाट बघते. पोस्टमन गेला की विचारते, "बडोद्याचं काही?" तुमचं पत्र आलं नाही तर ती ओळखेल. मामी, एक पत्र लिहाल? मामा आहेत असं. मी काय मागतो आहे ते मला समजतं. तरी मागतो.

तुमचा,
उत्कर्ष

---

कारेलीबाग, बडोदे
१० एप्रिल २०२५

चि. उत्कर्षला अनेक आशीर्वाद.

लाज वाटून घेऊ नकोस बाळा. तू खांदा दिलास, पुष्कळ झालं. आम्हाला मूल असतं तर त्याने तरी दुसरं काय केलं असतं?

मामा कसे गेले ते त्या गर्दीत तुला नीट सांगता आलं नाही. दुपारी जेवले, खुर्चीत टेकले. मशीन चालू होतं, नळी नाकात होती, वर ऊन कडकडीत, बॅटरी भरलेली. मी ताक घेऊन आले तर मान कलंडलेली. मला आधी वाटलं, पुन्हा बटण बंद केलं. मी बटणच बघत बसले रे. बटण चालू होतं! सगळं जिथल्या तिथे होतं आणि माणूस नव्हता. इतकी वर्षं मी लाईट जायला घाबरले. लाईट गेलीच नाही.

तुम्ही सगळ्यांनी फोन लपवले, पेपरातल्या निधनवार्ता लपवल्या, पण एक गोष्ट विसरलात. वन्संच्या फोनमधलं ॲप. रोज उठल्यावर त्या आमची रात्रीची रेघ बघतात. ती रेघ म्हणजे जया, असं त्यांनीच मला लिहिलंय. तुम्ही सगळे खासवाडीच्या स्मशानातून परत आलात, आंघोळी झाल्या, तू निघालास, तेव्हा मला एकदम आठवलं. मशीन दुपारपासून कुणीतरी बंद केलेलं होतं. मी उठले आणि चालू केलं. नळी खुर्चीच्या हातावर ठेवली. कांचनबेन घाबरल्या, त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी सांगितलं, इंदूरला माझी नणंद आहे, तिला सकाळी दिसलं पाहिजे.

तेव्हापासून ते चालूच आहे, दिवसरात्र. वीज फुकटच आहे, कुणाचं काय जातं? पूर्वी माणूस होता तेव्हा बिल बघून मशीन बंद व्हायचं. आता बिल नाही, तर...

पत्र लिहीन. पाकिटाच्या मागे 'सौ.' लिहावं लागेल, तेवढं एक मला कठीण आहे. पण लिहीन.

तुझी,
मामी

---

कारेलीबाग, बडोदे
२७ एप्रिल २०२५

ती. वन्सं यांस सा. न.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. ऑपरेशन छान झाल्याचं उत्कर्षने कळवलं. इकडे सगळं ठीक. ऊन मात्र असं की अगाशीवर पाय ठेववत नाही. निहार म्हणतो, ह्या महिन्यात तुमच्या घरची वीज बरीच उरली.

हे बरे आहेत. फारसं बोलत नाहीत, थकवा असतो. खुर्चीतच असतात. एक मात्र चांगलं झालंय, आता अगदी शहाण्यासारखे वागतात. मशीन मुळीच बंद करत नाहीत. चिवडा सोडलाय, जिना सोडलाय. काचा पुसायलाही जात नाहीत. मी सांगते ते सगळं ऐकतात. तुम्ही काळजी करू नका, तुमची तब्येत सांभाळा. कैऱ्या आल्यात, तुमच्यासाठी छुंदा घातलाय. कुणी येणारं असलं की पाठवते.

ह्यांचा नमस्कार.

तुमची,
सौ. आनंदी

---

इंदूर
१२ मे २०२५

चि. आनंदी,

वर 'सौ.' लिहिलेलं नाही. विसरले नाही. खाली बस आणि मग वाच.

मला ठाऊक आहे. तुझ्या पत्राने नाही कळलं, त्याच्या किती तरी आधी कळलं. हॉस्पिटलातून घरी आले, उत्कर्ष घाईघाईने अहमदाबादला गेला, त्या दिवशी दुपारी तुमची रेघ खाली पडली. मी म्हटलं, गेला असेल गाढव काचा पुसायला, ऊन तरी बघायचं! मी वाट बघत बसले. ती रात्री उशिरा वर आली. मला इतकं बरं वाटलं की मी सुनेकडे शिरा मागितला. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर रात्रभर रेघ सरळ. चिवड्याचा खड्डा नाही. उजाडतानाचा खड्डा नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

आनंदी, इतका बिनचूक पेपर जयाने आयुष्यात लिहिला नाही. तो नळी लावून एक रात्र तरी गप्प पडून राहिला असता का? मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते. रेघ होती, पण ती त्याची नव्हती. मग हे मशीन कुणासाठी चालू आहे, हा प्रश्न पडला, आणि उत्तर लगेच आलं. माझ्यासाठी.

मी कुणाला काही बोलले नाही. उत्कर्ष दाराआड उभा राहून फोन करतो, सून पेपरातलं निधनवार्तांचं पान काढून ठेवते, नात मला हसवायला बघते. सगळ्यांनी माझ्या जिवासाठी एवढी धडपड मांडली होती, ती मी कशी मोडू? मी पण नाटकात काम केलं. पोस्टमन गेला की "बडोद्याचं काही?" विचारलं. मला ऐकू येत नाही ना, त्यामुळे आपण किती मोठ्याने रडतो ते कळत नाही. म्हणून न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. रडताना टाक्यांवर उशी दाबून धरावी लागते. माझा जया गं! मी त्याला बोट धरून शाळेत नेलं. मी आधी जायचं होतं. माझं हृदय उघडून शिवलं आणि मी वाचले, आणि तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

मग तुझं पत्र आलं. "मी सांगते ते सगळं ऐकतात." ते वाक्य वाचून मी पत्र छातीशी धरलं आणि तेव्हा मात्र मला नळ सोडायला वेळ मिळाला नाही. उत्कर्ष धावत आला. त्याला सगळं सांगितलं. माझं हृदय फुटलं नाही, बघ. उत्कर्षला म्हटलं, डॉक्टरांना सांग हे.

आता तुझं. मला तुझी काळजी आहे. तू त्या घरात एकटी, आणि ते मशीन दिवसरात्र रिकाम्या खुर्चीला हवा देतंय. तो आवाज मला ऐकू येत नसेल, तुला येतो. किती दिवस? माझ्यासाठी आता त्याची गरज नाही. आईने शिकवलेला शब्दच वापरते.

आनंदी, ते मशीन वाढव.

तुझी,
मोहना

---

कारेलीबाग, बडोदे
२५ मे २०२५

ती. वन्सं,

तुमचं पत्र पोचलं त्या दिवशी मी कांचनबेनकडेही गेले नाही. दार लावून बसले. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही तिकडे एकट्या रडत होता, आणि मी इथे तुम्हाला छुंद्याचं लिहीत होते. आपण दोघी किती वेड्या!

वाढवायला गेले होते. दोनदा गेले. बटणावर हात ठेवला आणि परत आले.

वन्सं, मी सगळ्यांना सांगितलं की मशीन तुमच्यासाठी चालू ठेवते. पहिले दोन-चार दिवस ते खरं होतं. नंतर नव्हतं. तो आवाज असला की मी स्वयंपाकघरात कामं करू शकते. पाठीमागे घूंऽऽ चालू असतं आणि मला वाटतं, आहेत आत. हाक मारली नाही म्हणजे झोप लागली असेल. खोलीत जाईपर्यंत ते असतात. म्हणून मी खोलीत जायचंच टाळते. मला आता रागही येत नाही हो कुणाचा, भांडायला कुणी नाही. ते बटण बंद करायचे म्हणून मी किती बोलले त्यांना! आता कुणी बंद करेना तर माझ्याच्याने होत नाही.

वटपौर्णिमा येते आहे. सोसायटीतल्या आपल्या बायका सूत घेऊन वडाकडे जातील. यंदा माझं तिथे काम नाही. त्या दिवशी संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मी ते करीन. पण एकटीने नाही. तुम्ही तिकडे फोन घेऊन बसा, चष्मा लावा आणि रेघ बघत राहा. तुम्ही बघताय असं समजून मी हात लावीन. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
आनंदी

---

इंदूर
११ जून २०२५

चि. आनंदी,

काल दिवेलागणीपासून बसले होते. उत्कर्ष बाजूला होता. मी त्याला फोनला हात लावू दिला नाही.

रेघ खाली आली. मी "जया" म्हटलं. मोठ्याने म्हटलं असेन, कारण सून आतून आली. आणि लगेच रेघ पुन्हा वर गेली. उत्कर्ष म्हणाला, "हे काय झालं?" मी त्याला म्हटलं, गप्प बस, माझी भावजय रडते आहे. बराच वेळ ती तशीच वर होती. मी हलले नाही. मग खाली आली, आणि खालीच राहिली. तुझा हात मला दिसला, आनंदी. दोन्ही वेळा दिसला. तू एकटी नव्हतीस.

आज उठले आणि सवयीने बडोदं बघितलं. रात्रभर काही नव्हतं. जमिनीला टेकलेली रेघ. मी बघत राहिले, मला वाटलं आता ह्या फोनचं मी काय करू. आणि मग उजाडल्यावर एक उंच सुळका आला. तुझी शेगडी. म्हणजे तू उठलीस, चहा ठेवलास.

आता माझ्यासाठी तेवढंच आहे. दहा वाजेपर्यंत सुळका दिसला नाही तर मी उत्कर्षला गाडी काढायला लावीन, लक्षात ठेव. काचांवरची धूळ पुसत जा, पण पायऱ्या जपून चढ.

आणि सकाळचा चहा त्या शेगडीवरच करत जा. गॅसवर केलास तर मला दिसणार नाही.

तुझी,
मोहना